गुरुत्वाकर्षणाचे पर्यायी सिद्धान्त व विश्वरचनाशास्त्र : डॉ. जयंत नारळीकर यांच्या मतभेदाची समीक्षा

सारांश :
न्यूटन व आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वसिद्धान्तांना पर्याय सुचवणारे अनेक सिद्धान्त गेल्या शतकभरात मांडले गेले. त्यांपैकी हॉयल-नारळीकर सिद्धान्त (१९६४) हा मराठी वाचकाला नावाने सर्वाधिक परिचित आहे; त्याची चिकित्सा मात्र मराठीत क्वचितच झाली. प्रस्तुत निबंधात या सिद्धान्ताचे व त्याच्याशी निगडित विश्वप्रारूपांचे मूल्यमापन केले आहे. पर्यायी सिद्धान्ताची किंमत तो किती नवा आहे यावर ठरत नाही. तो निरीक्षणाला कोणता धोका पत्करून सामोरा जातो यावर ठरते, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे. याच कसोटीवर सुधारित गुरुत्वावरील अलीकडच्या निबंधलेखनाचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : सुधारित गुरुत्वसिद्धान्त, विश्वरचनाशास्त्र, माख तत्त्व, स्थिर-स्थिती विश्व, कृष्ण द्रव्य, कृष्ण ऊर्जा, जयंत नारळीकर.

१. प्रास्ताविक

जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या डोंगरकुशीत, पाटण येथील शिलालेख प्रसिद्ध आहे. देवगिरीचा यादव राजा सिंघण याच्या काळात, शके ११२८ मध्ये (इ.स. १२०७), भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी' आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंनी मठाला दिलेल्या दानाचा उल्लेखही त्यात येतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. एखाद्या गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी राजाश्रयाने चाललेली शाळा खानदेशात होती, ही गोष्ट अभिमानास्पद आहे यात शंका नाही.

मात्र या अभिमानाला अनेकदा एक वेगळेच वळण मिळते. 'न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला' हे वाक्य विज्ञानदिनाच्या भाषणांत हमखास ऐकू येते. 'सिद्धान्तशिरोमणी'चा रचनाकाळ इ.स. ११५० आहे आणि त्यातील गोलाध्यायात पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख आहे, हे खरेच. पण तो उल्लेख कोणत्या संदर्भात येतो हे पाहिले पाहिजे. पृथ्वीला खालून आधार असलाच पाहिजे हे मत भास्कराचार्य तेथे खोडून काढत आहेत. आधाराला दुसरा आधार, त्याला तिसरा, अशी साखळी कोठेच संपणार नाही. पृथ्वी स्वतःच्या शक्तीने जड वस्तूंना ओढते, आणि सर्व बाजूंना आकाश सारखेच असताना ती स्वतः पडणार तरी कोठे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. अंतर वाढले की आकर्षण किती घटते, चंद्राचे भ्रमण व वस्तूचे पतन यांचे कारण एकच का, हे प्रश्न तेथे नाहीत. त्यामुळे या उल्लेखाला न्यूटनच्या अर्थाने सिद्धान्त म्हणता येत नाही. त्यात असलेली गोष्टही मोलाची आहे, आणि ती म्हणजे रूढ मताची तर्काने केलेली चिकित्सा.

पाटणच्या मठाचा वारसा सांगायचा तर तो या चिकित्सेचा सांगावा लागेल. तो सांगताना एक प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो. गुरुत्वाविषयीच्या विधानाला सिद्धान्ताचा दर्जा केव्हा मिळतो, आणि प्रस्थापित सिद्धान्ताला दिलेला पर्याय केव्हा गंभीरपणे घ्यावा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८-२०२५) यांचे आहे.

२. गुरुत्वसिद्धान्त बदलण्याची गरज केव्हा निर्माण होते?

एकोणिसाव्या शतकातील दोन घटना या संदर्भात नेहमी एकत्र वाचाव्यात. युरेनसची गती न्यूटनच्या नियमाप्रमाणे होत नव्हती. फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी नियमावर विश्वास ठेवला, एका अदृश्य ग्रहाची कल्पना केली आणि त्याचे स्थान गणिताने काढले. १८४६ मध्ये नेपच्यून त्या स्थानाजवळच सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही विसंगती आढळली. त्याचा उपसूर्य बिंदू शतकाला सुमारे ४३ विकलांनी अधिक सरकत होता. ल व्हेरिए यांनी १८५९ मध्ये तीच युक्ती पुन्हा वापरली आणि सूर्याजवळ आणखी पदार्थ किंवा एखादा ग्रह असावा असे सुचवले. त्या कल्पित ग्रहाला 'व्हल्कन' असे नाव मिळाले, पण ग्रह कधीच सापडला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्ताने ते ४३ विकला कोणत्याही नव्या ग्रहाविना दिले. पहिल्या वेळी अदृश्य पदार्थ खरा ठरला आणि दुसऱ्या वेळी नियमच बदलावा लागला. कोणत्या प्रसंगी कोणता मार्ग बरोबर, हे आधी सांगणारा नियम नाही. निर्णय निरीक्षणानेच होतो.

विसाव्या शतकात हाच पेच दीर्घिकांच्या प्रमाणावर उभा राहिला. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा दीर्घिकासमूहाचा अभ्यास करताना दिसणाऱ्या पदार्थाहून कितीतरी अधिक पदार्थ असावा असा निष्कर्ष काढला. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन व सहकाऱ्यांनी सर्पिल दीर्घिकांच्या बाहेरच्या भागातील परिभ्रमणवेग अपेक्षेप्रमाणे घटत नसल्याचे दाखवले. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले. प्रमाणित प्रारूपाने या दोन्ही बाबींना 'नेपच्यून'चे उत्तर दिले. त्यानुसार विश्वात सुमारे ५ टक्के परिचित पदार्थ, २७ टक्के कृष्ण द्रव्य व ६८ टक्के कृष्ण ऊर्जा आहे. सुधारित गुरुत्वाचे पुरस्कर्ते विचारतात, की हा 'व्हल्कन' तर नाही ना? प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याने पुढे काय करायचे, हा खरा मुद्दा आहे.

३. हॉयल-नारळीकर सिद्धान्त

कोल्हापुरात जन्मलेले व बनारसमध्ये वाढलेले नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले. फ्रेड हॉयल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे संशोधन सुरू झाले, तेव्हा विश्वरचनाशास्त्रात उघड संघर्ष होता. बाँडी, गोल्ड व हॉयल यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या स्थिर-स्थिती सिद्धान्तानुसार विश्वाला आरंभ नाही. प्रसरणामुळे पडणारी विरळता सतत होणाऱ्या पदार्थनिर्मितीने भरून निघते. १९६१ मध्ये मार्टिन राइल यांनी रेडिओस्रोतांच्या गणनेवरून हा सिद्धान्त बाद झाल्याचे जाहीर केले. स्थिर-स्थिती विश्वातही तशी गणना का मिळू शकते, हे दाखवण्याचे काम तरुण नारळीकरांच्या वाट्याला आले. त्यांच्या वैज्ञानिक आयुष्याची सुरुवातच अशी एका वादातून झाली.

१९६४ चा सिद्धान्त याहून मूलगामी होता. त्याच्या मुळाशी अर्न्स्ट माख यांचा विचार आहे. वस्तूचे जडत्व हा तिचा स्वतःचा अंगभूत गुण आहे की उर्वरित विश्वाच्या अस्तित्वाचा परिणाम? आइन्स्टाइन यांना हा विचार प्रिय होता, पण त्यांच्या समीकरणांत तो पूर्णपणे उतरला नाही. रिकाम्या विश्वातही त्या समीकरणांना उत्तरे मिळतात. हॉयल व नारळीकर यांनी प्रत्येक कणाचे वस्तुमान हे इतर सर्व कणांच्या योगदानाची बेरीज आहे असे गृहीत धरून सिद्धान्त रचला. कण असंख्य आहेत व पदार्थ सर्वत्र सारखा पसरलेला आहे असे मानले, की आइन्स्टाइन यांचीच समीकरणे त्यातून निघतात. गुरुत्व आकर्षकच का असते, प्रतिकर्षक का नसते, याचे कारणही या रचनेत सापडते. व्यापक सापेक्षतेत हे चिन्ह न्यूटनच्या नियमाशी मेळ घालून ठरवावे लागते, येथे ते आपोआप येते. सौंदर्याच्या दृष्टीने ही मोठी कमाई होती.

टीकाही लगेच आली. केंब्रिजमध्ये त्या वेळी संशोधक विद्यार्थी असलेल्या स्टीफन हॉकिंग यांनी १९६५ मध्ये दाखवले, की वस्तुमानाच्या या बेरजेत भूतकाळाकडून येणारा व भविष्याकडून येणारा असे दोन्ही हिस्से असल्याने सतत प्रसरण पावणाऱ्या नेहमीच्या विश्वप्रारूपांत भविष्याकडील हिस्सा अनंत होतो. म्हणजे सिद्धान्त सुंदर असला तरी तो अशा सतत प्रसरण पावणाऱ्या विश्वात नांदू शकत नव्हता. त्याच वर्षी पेन्झिअस व विल्सन यांना सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारण सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि स्थिर-स्थिती विश्वाची बाजू एकाएकी कमकुवत झाली.

या सिद्धान्ताच्या १९७० च्या दशकातील एका सुधारित रूपातून निघालेले अनुमान विशेष लक्षणीय आहे. त्यानुसार गुरुत्वस्थिरांक काळाबरोबर घटत जावा. घट वर्षाला सुमारे हजार कोटीत एक भाग या पातळीची. हे विधान स्पष्ट, संख्यात्मक व मोजता येण्याजोगे होते. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेझर किरण सोडून पृथ्वी-चंद्र अंतर अत्यंत अचूकपणे मोजले जाते. गुरुत्वस्थिरांक बदलत असता तर चंद्राच्या कक्षेत त्याची खूण दिसली असती. आजच्या मोजमापांनुसार असा बदल असलाच तर तो त्या अनुमानाच्या शतांशाहूनही लहान आहे. अनुमान चुकले. पण ते चुकू शकत होते, हीच त्याची थोरवी होय.

४. आभासी स्थिर-स्थिती विश्व : धोक्याकडून बचावाकडे

१९९३ मध्ये हॉयल, जेफ्री बर्बिज व नारळीकर यांनी आभासी स्थिर-स्थिती विश्वाचे प्रारूप मांडले. यात विश्व दीर्घकालीन प्रसरणाबरोबर सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनांनी आकुंचन-प्रसरण पावते. पदार्थाची निर्मिती एकाच महास्फोटात होत नाही. प्रचंड वस्तुमानाच्या घन पिंडांजवळ ती लहान लहान स्फोटांत होत राहते. पार्श्वभूमी प्रारण हा आदिम उष्णतेचा अवशेष नसून पूर्वीच्या आवर्तनांतील ताऱ्यांचा प्रकाश आहे. अवकाशातील लोहाच्या सूक्ष्म सुयांसारख्या कणांनी तो शोषून पुन्हा उत्सर्जित केल्याने त्याला आजचे रूप आले, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे समीक्षकाने सौजन्य आणि परखडपणा दोन्ही राखले पाहिजेत. एका विशिष्ट निरीक्षणासाठी विशिष्ट प्रकारची धूळ गृहीत धरणे, आणि १९९८ च्या सुपरनोव्हांचा अंधुकपणा समोर आल्यावर तीच धूळ पुन्हा कामाला लावणे, हे धोका पत्करणाऱ्या सिद्धान्ताचे लक्षण नव्हे. ही बचावाची रीत झाली. २००३ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाने व २०१३ नंतर प्लँक उपग्रहाने पार्श्वभूमी प्रारणातील सूक्ष्म चढउतारांचे जे तपशीलवार चित्र दिले, त्यातील शिखरांची मालिका प्रमाणित प्रारूपाने आधीच अपेक्षिली होती. नारळीकर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आपल्या प्रारूपातून या शिखरांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला. परंतु आधी सांगणे आणि नंतर अर्थ लावणे यांत महदंतर असते. बहुसंख्य विश्वरचनाशास्त्रज्ञांनी हे प्रारूप स्वीकारले नाही, आणि निरीक्षणे पाहता त्यांचा निर्णय योग्यच म्हणावा लागतो.

तथापि नारळीकरांच्या मतभेदाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. महास्फोटावर शंका घेणाऱ्यांना निधी व दुर्बिणींचा वेळ मिळत नाही, अशी तक्रार करणारे खुले पत्र २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर सही करणाऱ्यांत ते होते. कृष्ण द्रव्य व कृष्ण ऊर्जा ही प्रमाणित प्रारूपाची 'धूळ' नाही कशावरून, हा त्यांचा प्रतिप्रश्न निरर्थक नव्हता. कृष्ण द्रव्याचा कण आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत खात्रीने सापडलेला नाही. मात्र नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आयुकाचे संचालकपद २००३ पर्यंत सांभाळले, तेव्हा आपला मतभेद संस्थेवर लादला नाही. थाणू पद्मनाभन यांच्यासारखे शास्त्रज्ञ तेथेच प्रमाणित विश्वरचनाशास्त्रावर जगन्मान्य काम करीत होते, आणि पार्श्वभूमी प्रारणाचे विश्लेषण करणारा गटही तेथेच वाढला. संचालकाच्या आवडत्या सिद्धान्ताविरुद्ध पुरावा गोळा करण्याची मोकळीक देणारी संस्था उभारणे, हे कदाचित त्यांच्या कोणत्याही समीकरणाहून मोठे कार्य ठरेल.

५. मराठी लेखनातील प्रतिबिंब

'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' या कथा-कादंबऱ्यांमुळे आणि 'आकाशाशी जडले नाते' या ग्रंथामुळे नारळीकर मराठी घराघरांत पोहोचले. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि नाशिक येथे डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या मराठी गद्यात अलंकरण कमी आहे. वाक्य छोटे, पारिभाषिक शब्द मोजके आणि युक्तिवादाचा एकेक टप्पा वाचकासमोर उलगडणारा.

त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकीकत या निबंधाच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव तयार केले होते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नावाच्या वजनाने निकाल झुकू नये ही दक्षता त्यामागे होती. परीक्षकाने कृती पाहावी, कर्ता पाहू नये, हे तत्त्व त्यांनी साहित्यातही पाळले. पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या सहकार्याने त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली, तिच्यामागेही हीच दृष्टी होती. हुशार मुलांच्या व मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना ओळखण्यास दिल्या गेल्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांच्या यशाचे प्रमाण ४६ टक्के भरले. नाणे उडवूनही याहून वाईट निकाल लागला नसता.

असे असूनही, मराठी वाचकापर्यंत नारळीकरांचा सिद्धान्त किती पोहोचला? त्यांच्याविषयीच्या गौरवपर लेखनात 'आइन्स्टाइनच्या पुढे गेलेला मराठी माणूस' किंवा 'महास्फोटाला आव्हान देणारा शास्त्रज्ञ' अशी प्रतिमा बहुधा दिसते. आव्हानाचे पुढे काय झाले हे त्या लेखनात क्वचितच सांगितले जाते. हॉकिंग यांचा आक्षेप, चंद्राच्या मोजमापाने दिलेला नकार, शिखरांच्या मालिकेपुढे झालेली कोंडी यांचा उल्लेख आपण बहुधा आदरापोटी टाळतो. पण या टाळण्याने नारळीकरांचाच विचार नाकारला जातो. ज्याने ज्योतिषांकडे आकडे मागितले, त्याच्या सिद्धान्ताविषयी आकडे न मागणे हा त्याचा सन्मान नव्हे. पाटणच्या शिलालेखाविषयीचा अभिमान आणि नारळीकरांविषयीचा अभिमान हे दोन्ही येथे एकाच ठिकाणी अडखळतात. 'पहिला कोण' आणि 'मोठा कोण' या प्रश्नांपाशी आपण थांबतो. 'बरोबर काय' हा प्रश्न मागे राहतो.

६. अलीकडचे सुधारित सिद्धान्त व त्यांची परीक्षा

गेल्या काही दशकांतील पर्यायी सिद्धान्तांकडे याच दृष्टीने पाहता येते. १९६१ मध्ये ब्रान्स व डिके यांनी माख तत्त्वाचाच धागा धरून गुरुत्वात एक अदिश क्षेत्र जोडले. २००३ मध्ये कॅसिनी यानाच्या रेडिओसंदेशांवरून झालेल्या मोजमापाने त्या क्षेत्राला इतके दुर्बल ठरवले, की सूर्यमालेत ते सिद्धान्त व आइन्स्टाइन यांचा सिद्धान्त वेगळे ओळखणे जवळजवळ अशक्य झाले. १९८३ मध्ये मिलग्रोम यांनी सुचवले, की त्वरण दर सेकंदाला दर सेकंद एका मीटरच्या हजार कोटीव्या भागाच्या आसपास आले, की न्यूटनचा नियमच बदलतो. केवळ या एका स्थिरांकाने असंख्य दीर्घिकांचे परिभ्रमणवेग आश्चर्यकारक रीतीने जुळतात. दीर्घिकासमूहांत मात्र तो अपुरा पडतो, आणि 'बुलेट' समूहाच्या २००६ मधील अभ्यासात गुरुत्वाचे केंद्र व वायूचे केंद्र वेगळे आढळल्याने त्याची अडचण वाढली. तरीही मिलग्रोम यांची कल्पना आदरास पात्र आहे, कारण ती कोठे जिंकते व कोठे हरते हे दोन्ही स्पष्ट दिसते.

सर्वांत निर्णायक परीक्षा १७ ऑगस्ट २०१७ रोजी झाली. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने पृथ्वीवर नोंदले गेले. गुरुत्वलहरींचा वेग व प्रकाशाचा वेग यांत फरक असलाच तर तो एकावर पंधरा शून्ये एवढ्या भागांत काही भागांहून अधिक नाही, हे त्यावरून सिद्ध झाले. प्रसरणाचा वाढता वेग कृष्ण ऊर्जेविना समजावून देण्यासाठी रचलेले अनेक सिद्धान्त त्या दोन सेकंदांत बाद झाले. एफ (आर) वर्गातील सिद्धान्त या चाचणीतून वाचले, कारण त्यांत गुरुत्वलहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात. त्यांची परीक्षा सूर्यमालेतील मोजमापे व दीर्घिकांच्या गुच्छरचनेवरून होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. अशा परीक्षांचे एक केंद्र त्यामुळे महाराष्ट्रातच असणार आहे.

प्रमाणित प्रारूपही निर्वेध नाही. हबल स्थिरांकाचे मूल्य पार्श्वभूमी प्रारणावरून सुमारे ६७ आणि जवळच्या सुपरनोव्हांवरून सुमारे ७३ येते. हा फरक मिटलेला नाही. २०२४ व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेझी प्रकल्पाच्या निष्कर्षांत कृष्ण ऊर्जा काळाबरोबर बदलत असावी असे संकेत आहेत, मात्र ते अद्याप शोध म्हणून मान्य होण्याच्या पातळीला पोहोचलेले नाहीत. पर्यायी सिद्धान्तांची गरज संपलेली नाही, हे यावरून स्पष्ट होते.

७. निबंधलेखनाची सद्यःस्थिती

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या गणित व भौतिकशास्त्र विभागांतील संशोधनाचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. हार्को, लोबो, नोजिरी व ओडिन्त्सोव्ह यांनी २०११ मध्ये एफ (आर, टी) सिद्धान्त मांडल्यापासून त्यावर आधारित विश्वप्रारूपांचे निबंध मोठ्या संख्येने लिहिले गेले. त्यांतील बऱ्याच निबंधांची रीत ठरलेली आहे. बियांकी वर्गीकरणातील एखादे असमदिक् प्रारूप घ्यायचे. फलनाचे सर्वांत सोपे रूप निवडायचे. समीकरणांपेक्षा अज्ञात राशी अधिक ठरल्या, की बर्मन यांचा १९८३ चा हबल प्राचलाविषयीचा नियम किंवा तत्सम गृहीतक जोडायचे. उत्तर काढायचे, घनता व दाब यांचे आलेख द्यायचे आणि 'प्रारूप निरीक्षणांशी सुसंगत आहे' असा समारोप करायचा.

यात तीन दोष संभवतात. पहिला, प्रसरणाचा वेग कसा बदलतो हे गृहीतकातच घातलेले असते; मग तोच निष्कर्ष म्हणून बाहेर आला तर सिद्धान्ताची परीक्षा झाली असे म्हणता येत नाही. दुसरा, विश्व सर्व दिशांना जवळजवळ सारखे आहे हे पार्श्वभूमी प्रारणावरून लाखात एक भाग इतक्या अचूकतेने दिसत असताना, असमदिक् प्रारूप का घेतले याचे कारण बहुधा दिलेले नसते. तिसरा दोष अधिक मूलभूत आहे. फिशर व कार्लसन यांनी २०१९ मध्ये असा आक्षेप घेतला, की या सिद्धान्ताच्या लोकप्रिय रूपातील 'टी' वर अवलंबून असणारे पद पदार्थाच्या वर्णनातच सामावून घेता येते. म्हणजे तेथे नवे गुरुत्व काहीच नाही. हार्को व मोरायेस यांनी २०२० मध्ये या आक्षेपाला उत्तर दिले. वाद कोणत्याही बाजूने संपो, या सिद्धान्तावर लिहिणाऱ्याने त्याची दखल तरी घ्यावी, ही किमान अपेक्षा आहे.

या स्थितीचा सारा दोष व्यक्तींवर टाकणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीची सांगड निबंधांच्या गुणांशी घातली, आणि तासिकांचा भार सांभाळून, प्रयोगशाळेविना करता येईल असे संशोधन अध्यापकांना शोधावे लागले. अचूक उत्तरे काढण्याचा सराव विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी उपयुक्तही आहे. पण सराव व संशोधन यांतील सीमारेषा पुसली गेली, तर तोटा विद्यार्थ्याचाच होतो. त्याला समीकरण सोडवता येते. ते समीकरण का लिहिले, हे मात्र त्याला कोणी विचारलेले नसते.

खानदेशाला या बाबतीत दूरचा आदर्श शोधण्याची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' गावोगाव हिंडून जमवली. त्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळे येथे स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आजही त्या वृत्तीचे स्मारक आहे. आधी अस्सल कागद, मग विधान, हा त्यांचा आग्रह होता. राजवाड्यांचे कित्येक तर्क पुढे टिकले नाहीत, पण ते चुकीचे ठरवता आले ते त्यांनीच छापून ठेवलेल्या साधनांच्या संस्कृतीमुळे. विश्वरचनाशास्त्रातील 'अस्सल कागद' आज सर्वांना खुले आहेत. सुपरनोव्हांचे संकलन, प्लँकचे नकाशे, डेझीची मोजमापे संगणकावर विनामूल्य मिळतात. आयुकाची सहयोगी योजना विद्यापीठे व महाविद्यालयांतील अध्यापकांसाठीच आहे. जळगाव, धुळे वा नंदुरबार येथील विभागाला दुर्बीण नसल्याची सबब आता पूर्वीइतकी सबळ राहिलेली नाही.

८. निष्कर्ष

१) भास्कराचार्यांच्या गुरुत्वविषयक विवेचनाचे महत्त्व शोधाच्या अग्रक्रमात नसून रूढ मताच्या तर्कशुद्ध चिकित्सेत आहे.

२) हॉयल-नारळीकर सिद्धान्त निरीक्षणांच्या कसोटीवर टिकला नाही, परंतु त्याने जडत्वाविषयी मूलभूत प्रश्न विचारला आणि चुकू शकतील अशी अनुमाने दिली, म्हणून विज्ञानाच्या इतिहासात त्याचे स्थान आदराचे आहे.

३) आभासी स्थिर-स्थिती प्रारूपात धोका पत्करण्याची ही वृत्ती क्षीण झालेली दिसते. नारळीकरांविषयीचा आदर राखूनही मराठी समीक्षेने हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

४) सुधारित गुरुत्वावरील प्रत्येक निबंधात 'हे प्रारूप कोणत्या निरीक्षणाने चुकीचे ठरेल' याचे उत्तर देणारा एक परिच्छेद असावा. मार्गदर्शकांनी व समीक्षक-परीक्षकांनी तो मागावा. ज्या प्रारूपाला असे उत्तर देता येत नाही, ते सराव म्हणून वर्गात शिकवावे. संशोधन म्हणून छापू नये.

५) पदव्युत्तर वर्गात प्रस्थापित सिद्धान्ताबरोबर पराभूत सिद्धान्तही शिकवले जावेत. नेपच्यून सापडला हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. व्हल्कन सापडला नाही हे त्याला कोणी सांगत नाही. वास्तविक गुरुत्वाचे आजचे ज्ञान त्या न सापडलेल्या ग्रहाचेच अधिक ऋणी आहे.